पेटीतला पुलर आणि त्यासोबतची वही

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून ‘ठक्’ असा आवाज यायचा. फार मोठा नाही, शेजारी बसलेल्याच्या लक्षातही येऊ नये एवढाच. पण गाडी ज्याची असते त्याला तो सीटखाली बरोबर जाणवतो. गिअर बदलताना पुन्हा एकदा, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला की उलट्या बाजूने एकदा. आधी प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या लांब दांड्याच्या, क्रॉसवर संशय घेतला. हलवून पाहिला, घट्ट होता. हाफ शाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दोन दांड्यांचे, जॉइंट पाहिले, रबरी बूट शाबूत होते, ग्रीस जागच्या जागी होतं. शेवटी गाडी स्टँडवर चढवली, डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटाऱ्याच्या, नाकाखाली लांब पहार घातली आणि वर रेटली. अख्खं डिफरन्शियल बोटभर उचललं गेलं आणि सोडल्यावर तोच ओळखीचा ‘ठक्’ करून खाली बसलं. डिफरन्शियल गाडीला धरून ठेवतात ते बुश, म्हणजे आत रबर भरलेल्या लोखंडी नळ्या. त्यातल्या मागच्या मोठ्या बुशचं रबर बाहेरच्या नळीपासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं होतं.

हा बुश किती सोसतो याचा हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा मांडला. इंजिनचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर धरा, पहिला गिअर ३.३ चा आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ चं. गुणाकार केला की चाकांच्या आसावर साधारण २,००० न्यूटन-मीटर येतात. चाकं जेवढ्या जोराने पुढे फिरतात, तेवढ्याच जोराने डिफरन्शियलचं घर मागे फिरू पाहतं, म्हणजे नाक वर करू पाहतं. त्याला धरून ठेवतात ते फक्त हे बुश. पुढच्या आणि मागच्या बुशमध्ये चाळीस सेंटिमीटरचं अंतर असेल तर प्रत्येक टोकाला अर्ध्या टनाची ओढ बसते. क्लच सोडला की एका दिशेने, पाय काढला की दुसऱ्या दिशेने, आणि तीही रोज, वर्षानुवर्षं. रबर इतकी वर्षं टिकलं याचंच मला नवल वाटलं.

माझ्या गाडीत असे तीन बुश आहेत. मागे एक मोठा, पुढे दोन लहान. तिन्ही मागच्या सबफ्रेममध्ये, म्हणजे मागची चाकं आणि डिफरन्शियल पेलणाऱ्या लोखंडी चौकटीत, दाबून बसवलेले. नवे बुश मिळायला काहीच अडचण आली नाही. अडचण होती जुने काढण्याची. एक तर अख्खी सबफ्रेम उतरवून प्रेसखाली न्यायची, म्हणजे ब्रेकच्या नळ्या सोडा, हँडब्रेकच्या केबल सोडा, सस्पेन्शनचे सगळे हात सोडा आणि शेवटी अलाइनमेंट नव्याने करून घ्या. नाहीतर सबफ्रेम गाडीलाच ठेवून, त्या बुशच्या मापाचा पुलर, म्हणजे नट फिरवून ओढणारं हत्यार, लावून तो जागेवरच ओढून काढा. हा पुलर एरवी कुठेही चालत नाही. त्याची वाटी, त्याची चकती, सगळं त्याच एका बुशच्या व्यासाचं. किंमत तिन्ही बुशांच्या कितीतरी पट, आणि वापर दहा वर्षांतून एक दिवस.

म्हणून आधी मी घरीच जुळवाजुळव केली. आट्यांचा एक रॉड आणला, जाड पाइपाचा तुकडा कापला, मोठा सॉकेट चकती म्हणून वापरला. तासाभरात बुश तसूभरही हलला नव्हता आणि रॉडचे आटे मात्र नटाच्या आत सोलून निघाले होते. नट रॉडला असा चिकटला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. गाडीखाली उताणं पडून, हॅक्सॉच्या पात्याने तो रॉड कापण्यात संध्याकाळ गेली. तो रॉड साध्या, मऊ पोलादाचा होता. भिंतीला कपाट टांगायला ठीक, टनांची ओढ सोसायला नाही. हे मला आधी कळायला हवं होतं.

याच मॉडेलच्या गाड्या ठेवणाऱ्या आमच्या मंडळींचा एक गट आहे. त्यातल्या तिघांनी काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून तो पुलर घेतला होता आणि तेव्हापासून तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होता. अटी साध्या होत्या. येण्याजाण्याचा खर्च वापरणाऱ्याचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. जे मोडेल ते नवं घालून पुढे पाठवायचं. आणि पेटीत एक वही आहे, तिच्यात आपलं काम लिहायचं. मी नाव दिलं तेव्हा रांगेत चौथा होतो. दीड महिना गाडी अगदी हळू चालवली, क्लच जपून सोडला आणि वाट पाहिली.

पेटी आली तेव्हा तिच्या वजनानेच हत्याराबद्दल आदर वाटला. लाकडी पेटी, आत फोममध्ये कापलेले खाचे, आणि प्रत्येक खाच्यात एकेक भाग तेलकट कापडात गुंडाळलेला. तीन वाट्या, तीन चकत्या, कडक पोलादाचा १६ मिलिमीटरचा बारीक आट्यांचा रॉड, दोन लांब नट आणि नटाखाली ठेवायचं एक थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दोन चकत्यांमध्ये फिरणाऱ्या गोळ्या. प्रत्येक भागावर अक्षरपंचाने खूण ठोकलेली: ‘मा’ म्हणजे मागच्या बुशचा, ‘पु’ म्हणजे पुढच्याचा. मूळ संचात या खुणा नव्हत्या. कुणीतरी चुकीची चकती लावून बसला असेल आणि पुढच्याला तो त्रास नको म्हणून त्याने बसून एकेक अक्षर ठोकलं असेल. मॉलिब्डेनमच्या ग्रीसची ट्यूबही नंतरचीच, आणि बोअर, म्हणजे बुश बसतो ते गोल भोक, घासायची बारीक पॉलिश पेपरची गुंडाळीही.

आणि वही. चौकटीच्या कागदाची, काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेली. माझ्याआधी अकरा जणांनी तिच्यात लिहिलं होतं. कुणी दोन ओळी, कुणी आकृत्यांसह चार पानं. रॉड उघडायच्या आधी मी ती दोनदा वाचली. कंपनीच्या माहितीपत्रकात हत्यार कसं जोडायचं ते असतं, पण काम कुठे अडतं ते या वहीत होतं. एकाने लिहिलं होतं की डिफरन्शियल खाली घेताना आडवं सरळ ठेवा, नाक खाली गेलं तर ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या भोकातून, तेल गळतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, प्रॉपेलर शाफ्ट सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही फ्लॅन्जवर (बोल्ट बसतात त्या कडांवर) रंगाची एकच रेघ मारा, नाहीतर शाफ्ट वेगळ्या कोनात बसतो आणि नवी थरथर सुरू होते. पहिल्याच पानावर, लाल शाईत, इम्पॅक्ट गन लावू नका असं होतं. त्याखाली कारणही दिलं होतं: गनच्या धक्क्यांनी आटे तापतात, ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि दुसऱ्या मिनिटाला नट रॉडला चिकटतो. एक रॉड आधीच असा गेला होता. पेटीतला रॉड दुसरा होता, आणि ज्याच्या हातून पहिला गेला त्यानेच तो घेऊन दिला होता.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. एक्झॉस्टचा मागचा भाग रबरी टांगण्यांवरून सोडला, रंगाच्या रेघा मारल्या, प्रॉपेलर शाफ्ट आणि हाफ शाफ्टचे बोल्ट काढले. माझ्या गाडीत हाफ शाफ्ट फ्लॅन्जला बोल्टने बसतात, त्यामुळे डिफरन्शियलचं तेल काढावं लागलं नाही. खाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी ठेवून ते सरळ उतरवलं. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास आहे आणि आकार असा की हाताने धरायला नीट जागाच नाही. हे एकट्याने करायचं काम नाही. माझा धाकटा भाऊ सोबत होता.

आता खरा मुद्दा. या मोठ्या बुशच्या रबरात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन पोकळ्या असतात, एक वर आणि एक खाली. त्या शोभेच्या नाहीत. पोकळी ज्या दिशेला असते त्या दिशेने रबर मऊ लागतं, आणि जिथे रबर भरीव असतं तिथे ताठ. म्हणजे बुश उभ्या दिशेने थोडा झुलू देतो, त्यामुळे डिफरन्शियलच्या दात्यांची गुणगुण सीटपर्यंत पोचत नाही, आणि आडव्या दिशेने मात्र घट्ट धरतो. तो फिरलेला बसला तर हे सगळं बिनसतं. म्हणून सगळे सांगतात की जुना बुश काढण्याआधी त्याच्या पोकळीसमोर सबफ्रेमवर पंचाने खूण करा आणि नवा त्याच खुणेवर बसवा. मीही पंच हातात घेतलाच होता.

पण वहीच्या नवव्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं की जुन्या बुशवर विश्वास ठेवू नका, सबफ्रेमच्या खालच्या पत्र्यात एक छोटं गोल भोक आहे, खालच्या पोकळीचा मध्य त्या भोकाच्या बरोबर रेषेत यायला हवा. शेजारी पेन्सिलीने आकृती काढली होती. भोकातला चिखल तारेने उकरला, पट्टी लावली आणि पाहतो तर माझा जुना बुश जवळपास तीस अंशांनी फिरलेला. म्हणजे आधी कधीतरी तो बदलला गेला होता आणि तेव्हाच वाकडा बसला होता. त्याचं रबर नेमकं तिरप्या रेषेत फाटलं होतं. माझ्या मते तो लवकर गेला त्याचं कारणही हेच. मी त्याच्यावरून खूण केली असती तर नव्या बुशलाही तेच भोगावं लागलं असतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं.

मग पुलर जोडला. एका बाजूला वाटी, तिच्या आत बुश ओढला जाणार. दुसऱ्या बाजूला चकती, ती बुशच्या फक्त बाहेरच्या नळीवर टेकणारी. मधून रॉड. रॉडला बोटाने ग्रीस चोळलं, प्रत्येक आट्यात जाईल असं. नटाखाली बेअरिंग. या बेअरिंगमुळे किती फरक पडतो हे मी नंतर कागदावर काढलं. पान्यावर ६० न्यूटन-मीटर लावले आणि नट साध्या वॉशरवर घासत असेल, तर त्यातली अर्धी मेहनत त्या घासण्यातच जाते आणि रॉडमध्ये अडीच-तीन टनांची ओढ येते. नटाखाली बेअरिंग असेल तर तेवढ्याच जोरात पाच टनांच्या आसपास.

टॉर्क रेंच लावून हळूहळू वाढवत गेलो. ३०, ४०, ५०. बुश ढिम्म. वहीतल्या सूचनेप्रमाणे साठच्या पुढे न जाता थांबलो आणि हॉट एअर गनने सबफ्रेमची कड सगळीकडून दहा मिनिटं तापवली. ज्योत लावायची नाही. रबर पेटतं, आणि तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो. पुन्हा पाना लावला. पंचावन्नच्या जवळपास ‘धाड्’ असा आवाज झाला की भाऊ मागे सरकला. मला वाटलं रॉड तुटला. पण वहीत हेही होतं: सुटताना बंदुकीसारखा आवाज येईल, घाबरू नका, आणि रॉडच्या सरळ रेषेत डोकं ठेवू नका. गंजाने धरलेली कड सुटली होती. त्यानंतर बुश पाव-पाव फेऱ्याने वाटीत येत गेला, आणि शेवटी रॉडसकट माझ्या छातीवर आला. त्याचं रबर हाताने ओढलं तरी नळीपासून सुटत होतं.

बोअर पॉलिश पेपरने घासला. तपकिरी गंज गेला आणि खालचं करडं लोखंड दिसलं. धातू खायचा नाही, फक्त गंज काढायचा. नवा बुश आदल्या रात्रीपासून फ्रीजरमध्ये होता. हा उपाय सगळे सांगतात, पण त्यातून किती मिळतं तेही पाहिलं पाहिजे. साठ मिलिमीटरची लोखंडी नळी चाळीस-पंचेचाळीस अंश थंड केली तर व्यास फक्त ०.०३ मिलिमीटरने आकसतो. सुरुवात सरळ व्हायला तेवढं उपयोगी पडतं, पण बुश आपोआप सरकेल अशी आशा ठेवू नये. आणि बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं, ते पुसून घ्यावं.

घसरायला साबणाचं पाणी वापरलं. तेल किंवा साधं ग्रीस नैसर्गिक रबराला लागू द्यायचं नाही, रबर ते पितं आणि फुगतं. नळीच्या तोंडावर दोन खुणा केल्या, दोन्ही पोकळ्यांच्या मध्यावर. भाऊ समोरून पट्टी धरून भोकाच्या रेषेवर नजर ठेवून होता आणि मी पाना फिरवत होतो. पहिल्याच फेऱ्यांत एक बाजू पुढे गेली. कॅलिपरने चार ठिकाणी मोजलं, दीड मिलिमीटरचा फरक. जोर लावला असता तर तो तिरपाच आत गेला असता आणि बोअर कायमचा ओरखडला असता. नट सोडला, बुश बाहेर घेतला, पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही थोडा कलला. तिसऱ्या वेळी चारही मापं सारखी आली, आणि मग तो असा सरळ, एका लयीत आत गेला की पान्याच्या प्रत्येक फेऱ्याला हाताला समाधान वाटत होतं. कडेशी समपातळीत आला, तिथे थांबलो. पोकळीचा मध्य, भोक, पट्टी, तिन्ही एका रेषेत.

पुढच्या दोन लहान बुशांपैकी उजवा सरळ निघाला. डाव्याने मात्र माझ्याकडून चूक करवून घेतली. संध्याकाळ झाली होती, हात दमले होते, हॉट एअर गन पुन्हा काढायचा कंटाळा आला आणि मी साठची मर्यादा ओलांडली. ऐंशीच्या जवळपास बुश सुटला खरा, पण नट सैल करताना बेअरिंग कचकच करत फिरू लागलं. उघडून पाहिलं तर दोन्ही चकत्यांवर गोळ्यांचे ठसे उमटले होते, एका रांगेत, बारीक वाटाण्यांसारखे. ते बेअरिंग ५११०३ नंबरचं, १७ मिलिमीटर आतल्या व्यासाचं, साध्या गोळ्यांचं. त्याची स्थिर भार पेलायची ताकद पाच टनांपेक्षा बरीच कमी असते. म्हणजे मर्यादेच्या आतसुद्धा ते आधीच ताणलेलं होतं, आणि मी त्यावर आणखी भार टाकला. दुसऱ्यांच्या मालकीच्या हत्याराला माझ्या घाईमुळे इजा झाली याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी साधा वॉशर ग्रीस लावून वापरला आणि शेवटचा बुश बसवला. जास्त जोर लागला, पण बसला. डिफरन्शियल वर घेतलं, सगळे बोल्ट आधी हाताने लावले, मग ठरलेल्या टॉर्कला आवळले. नवे बोल्ट जिथे सांगितलेत तिथे नवेच घातले. रंगाच्या रेघा जुळवून प्रॉपेलर शाफ्ट लावला. चाकं जमिनीवर आली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मागून काहीच आलं नाही. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी मुद्दाम पाच-सहा वेळा गाडी पुढे-मागे केली. भावाने खिडकी खाली करून कान बाहेर काढला होता.

पॉलियुरेथेनचे बुश का घातले नाहीत, असं मला नंतर दोघांनी विचारलं. वहीतच त्यावर तीन जणांची मतं आहेत. ते मूळ रबरापेक्षा बरेच ताठ असतात, ताठपणा मोजायच्या शोअर ए मापावर ८० ते ९५ पर्यंतचे मिळतात, आणि दोन तुकड्यांत येत असल्याने बसवायला हाताचा जोरही पुरतो. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याला ते आवडतील, कारण डिफरन्शियल जागचं हलत नाही. पण तेवढ्याच प्रामाणिकपणे ते दात्यांची गुणगुणही आत आणतात. ज्या गाडीत घरची माणसं मागच्या सीटवर झोपतात तिथे मला रबरच योग्य वाटतं.

पेटी परत करण्याआधी दोन संध्याकाळी मी तिच्यावरच घालवल्या. रॉडचे आटे ब्रशने आणि रॉकेलने धुतले, नटाच्या आतलं जुनं ग्रीस काडीला कापड गुंडाळून काढलं, सगळे भाग कोरडे करून पुन्हा तेलाच्या कापडात ठेवले. बेअरिंग त्याच मापाचं पण नीडल रोलरचं घेतलं, दोन कडक चकत्यांसकट. गोळीचा भार एका ठिपक्यावर पडतो, रोलरचा एका रेषेवर, म्हणून ते जास्त सोसतं. एक जादाही ठेवलं. ते जुन्या खाच्यात बसेना, म्हणून फोम ब्लेडने थोडा कापला आणि शेजारी ‘जादा’ असं लिहिलं.

मग वहीत साडेतीन पानं लिहिली. बुश किती जोराला सुटले, कुठे तापवलं, तीन वेळा का बसवावा लागला. बेअरिंगचंही लिहिलं, काय झालं आणि कुणामुळे ते न लपवता. बेअरिंगसह आणि बेअरिंगशिवाय किती ओढ येते त्याचं एक छोटं कोष्टक करून पहिल्या पानावर, लाल शाईतल्या सूचनेखाली चिकटवलं. नवव्या पानावरच्या पेन्सिलीच्या आकृतीवर पुन्हा पेनने रेघ ओढली, कारण ती पुसट होत चालली होती. ती ज्याने काढली त्याचं नाव पानावर नाही.

पेटी पाठवून आठवडा झाला असेल. रविवारी रात्री साडेदहाला फोन आला. आवाज तरुण होता आणि मागे कुठेतरी टॉर्क रेंच जमिनीवर ठेवल्याचा खणखणाट.

“दादा, डिस्टर्ब केलं का? पुलर माझ्याकडे आलाय. मोठा बुश आत्ता निघेल असं वाटतंय. काढायच्या आधी जुन्या पोकळीसमोर खूण करून ठेवतो, चालेल ना?”

“थांबा,” मी म्हटलं. “पंच खाली ठेवा. वही जवळ आहे?”

“आहे.”

“पान नऊ काढा.”

पलीकडे कागद उलटत गेल्याचा आवाज आला, आणि मग तो बराच वेळ काही बोलला नाही.